चार बोटं उंची

मित्रांनो, चारठाण्यापासून दोन कोसांवरच्या एका गावात, कडब्याच्या गंजीला लागून असलेल्या गोठ्यात जी गंजलेली फटफटी उभी आहे, ती मी. माझी सीट उंदरांनी कुरतडली आहे. हँडलवर कोंबड्या बसतात. मला बोलता येत नाही म्हणून लोक माझ्यासमोर काहीही बोलले, काहीही करून गेले. आज मी ते सगळे सांगणार आहे.

लाकडी खोक्यात बंद होऊन मी रेल्वेने परभणीला आले, तेव्हा मी नवीकोरी होते. माझी ठेवण लांबट आणि बसकी होती. माणसाने ऐटीत मागे रेलून बसावे, अशी माझी सीट होती. गावातले मोठे जमीनदार दिनकरराव यांनी मला विकत घेतले. ते अंगाने भरलेले, पण उंचीने बेताचे होते. माझ्यावर बसले की त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकत. त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाईंनी माझ्या दिव्याला कुंकू लावले. "पडणार तर न्हाई ना?" त्यांनी विचारले. दिनकरराव हसले आणि म्हणाले, "म्हशीपेक्षा गरीब हाय ही. बस."

त्या नेहमी एका अंगाने बसत. दोन्ही पाय डावीकडे, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर आणि पुढे मांडीवर त्यांची लेक मनकर्णा. जिंतूरचा बाजार, पाहुण्यांची लग्ने, देवदर्शन अशा खूप ठिकाणी मी त्यांना नेले. पंचक्रोशीत दुसरी फटफटी नव्हती. माझा आवाज आला की पारावरची माणसे उठून उभी राहत.

मग अठ्ठ्याहत्तर सालचा पावसाळा आला. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव आग लागली. आमच्या गावात बौद्धवाड्यातली सात घरे जळाली. रॉकेल कोणी ओतले ते मी पाहिले नाही, कारण मी चावडीपुढे उभी होते. पण रॉकेलचा डबा माझ्याच सीटला बांधून गावात आणला होता, आणि मला दिनकररावच चालवत होते. पुढे पोलीस आले, पंचनामा झाला. साक्षीला कोणी पुढे आले नाही.

जळालेल्या घरांतले एक सिताराम मास्तरांचे होते. मास्तर चारठाण्याच्या शाळेत शिकवत. त्यांची आई धुरपताबाई त्या दिवशी नेसत्या लुगड्यानिशी बाहेर पडली. मास्तर गाव सोडून गेले नाहीत. त्यांनी त्याच जागी पुन्हा भिंती उभ्या केल्या. रोज सायकलवर शाळेत जात राहिले, आणि सहा वर्षांनी एके सकाळी त्यांनी गावात मोटारसायकल आणली.

ती माझ्याच जातीची होती, माझ्याच रंगाची. फक्त नवी होती.

पारावर कोणीतरी म्हणाले, "दिनकरराव, तुमची अन् मास्तरची गाडी शेजारी लावली तर वळखू येत न्हाईत." लोक हसले. दिनकरराव हसले नाहीत. पुढच्याच आठवड्यात ते मला घेऊन जिंतूरला भुजंग मिस्त्रीकडे गेले.

मित्रांनो, आमच्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना स्प्रिंगांचे दांडे असतात. खड्डा आला की ते दबतात आणि बसणाऱ्याचा कणा वाचतो. मिस्त्री त्यांना शॉकअप म्हणतात. दिनकररावांना माझी मागची बाजू उंच करून हवी होती. भुजंगने पोत्यावर तीन जोड्या मांडल्या. एक माझ्या मापाची, एक दोन बोटं लांब आणि एक चार बोटं लांब. ती शेवटची जोडी कुठल्यातरी भारी गाडीची काढलेली होती.

"माझं ऐकसाल तर हाय त्याच मापाची घ्या," भुजंग म्हणाला. "लयच हौस असंल तर दोन बोटं."

"अन् ह्या मोठीला काय झालं?"

"मालक, मागून उचलली की गाडी पुढं तोंड घालती. हँडल हलकं व्हतंय, जरा हात हालला की वळती. स्टँड पुरत न्हाई. अन्..." त्याची नजर दिनकररावांच्या पायांकडे गेली. तो थांबला.

"अन् काय?"

"काई न्हाई."

दिनकररावांनी खाली वाकून मोठ्या जोडीवरून हात फिरवला. मग विचारले, "मास्तरच्या गाडीला कोणती हायत?"

"कंपनीनं दिली तीच."

"मग हीच लाव."

भुजंगने बोल्ट आवळले. मी मागून उचलली गेले. सगळा भार माझ्या मानेवर आला, आणि रस्ता एकाएकी माझ्या फार जवळ दिसू लागला. दिनकरराव माझ्यावर बसले तेव्हा त्यांच्या फक्त चवड्यांची टोके जमिनीला लागली. त्यांनी ते कोणाला जाणवू दिले नाही. गावात शिरल्यावर ते पारापुढून तीनदा गेले.

रुख्मिणीबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी ओळखले. "आवो, हिच्यावर चढताना भ्या वाटायलंय. पहिल्यावानी करून आणा की." दिनकरराव म्हणाले, "सवय व्हईल." मलाही वाटले होते, सवय होईल.

सहा महिने काही झाले नाही. पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये, भर दुपारी, दोघे चारठाण्याहून गावाकडे येत होते. मनकर्णा घरी होती. वाटेत ओढ्यावर दगडी फरशी, म्हणजे बिनकठड्याचा बसका पूल आहे. आम्ही तिच्या मधोमध असताना समोरून म्हशी आल्या. दिनकररावांनी मला थांबवले आणि डावा पाय खाली सोडला. तिथे फरशी उतरती होती. पाय टेकलाच नाही.

मी डावीकडे कलले. रुख्मिणीबाई त्याच अंगाला पाय सोडून बसल्या होत्या. त्या आधी पडल्या, दगडावर, आणि मी त्यांच्या पोटावर पडले. मित्रांनो, माझे वजन चार मणांच्या वर आहे. मला स्वतःला बाजूला होता आले नाही.

दिनकररावांनी आणि म्हशीवाल्यांनी मिळून मला ओढून काढले. पुढचे चाक धरणारा माझा चिमटा वाकला होता, चाक फिरत नव्हते. रुख्मिणीबाईंच्या अंगावर रक्ताचा थेंबही नव्हता. त्या फक्त पोट धरून कण्हत होत्या. दिनकररावांनी एका म्हशीवाल्याला बैलगाडी आणायला गावाकडे पळवले.

तेवढ्यात मागून सिताराम मास्तर सकाळची शाळा करून आले. त्यांनी गाडी थांबवली, बाईंकडे नीट पाहिले आणि म्हणाले, "दिनकरराव, आतून मार लागलाय. ह्यांना मधी बसवा, तुमी मागून धरा. तासाभरात जिंतूरचा दवाखाना गाठू."

मास्तर त्यांना मालक न म्हणता दिनकरराव म्हणाले, हे तिथल्या सगळ्यांनी ऐकले. उरलेले दोन म्हशीवाले काठ्या टेकून बघत उभे होते. दिनकररावांनी त्यांच्याकडे पाहिले.

"बैलगाडी येतीय," ते म्हणाले.

"बैलगाडीला सांज व्हईल."

"येतीय म्हणलं ना."

रुख्मिणीबाई म्हणाल्या, "आवो, बसवा मला मास्तरच्या गाडीवर. सहन व्हईना."

"जरा दम धर."

मास्तर चारठाण्याला परत गेले, तिथली भाड्याची जीप बघायला. जीप परभणीला गेली होती. ते तसेच मागे आले आणि ओढ्याच्या काठाला गाडी चालू ठेवून थांबले. त्या गाडीचा आवाज मी ऐकत होते. तो माझ्या जुन्या आवाजासारखाच होता. बराच वेळ ती तशी चालू होती. मास्तरांनी आणखी एकदा विचारले. दिनकररावांनी मान फिरवली. तेव्हा मास्तरांनी चावी काढली आणि ते दगडावर बसले, पण गेले नाहीत. रुख्मिणीबाईंचे ओठ पांढरे पडत गेले. नंतर त्यांनी बोलणे सोडले.

बैलगाडी दीड तासाने आली. जिंतूर यायच्या आधीच बाई गेल्या.

मला पुढून उचलून ढकलत गोठ्यात आणले. तेव्हापासून मी इथेच आहे. दिनकररावांनी सगळ्यांना एकच सांगितले: "गाडी घसरली." म्हशीवाले त्यांच्याच शेतावरचे होते, ते गप्प राहिले. मास्तरांना कोणी विचारले नाही. अकरा वर्षांच्या मनकर्णाने मला लाथ मारली आणि ती माझ्यापाशी बसून रडली. तिच्यासाठी गुन्हेगार मीच होते. मीही तसेच मानत आले.

नऊ वर्षे गेली. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळाले. बौद्धवाड्यात हलगी वाजत होती, ती गोठ्यापर्यंत ऐकू आली. मनकर्णा तेव्हा चुडाव्याला दिलेली होती, सणाला माहेरी आली होती. दिनकरराव कडबा काढायला गोठ्यात आले, आणि ती त्यांच्या मागोमाग येऊन दारात उभी राहिली.

"आबा, चारठाण्याच्या बसस्टँडवर एक म्हातारा भेटला. म्हशी वळायचा म्हणे आपल्याकडं." ती थांबली. "मास्तर थांबले व्हते का त्या दिवशी?"

दिनकररावांनी कडब्याची पेंढी खाली ठेवली. खोटे बोलायला त्यांना वेळ होता. ते खोटे बोलले नाहीत.

"व्हय. थांबला व्हता."

"मग?"

"मी नको म्हणलो."

"आई काय म्हणली?"

"बसवा म्हणली."

मनकर्णा दारातून आत आली. मग तिने हळूच विचारले, "का, आबा?"

"लोक बघायले व्हते," दिनकरराव म्हणाले.

तिने पदर सावरला. "आईच्या तेराव्याला तुमी लय रडले व्हते. मी तुमचे डोळे पुसले व्हते. तुमी पुसू दिले मला."

एवढेच बोलून ती गेली. बौद्धवाड्यात मास्तरांच्या घरी ती थोडा वेळ थांबली आणि तिथूनच बसला गेली, असे नंतर कोणी बोलताना मी ऐकले. त्यानंतर ती माहेरी आलेली नाही. दिनकरराव वैरण घालायला येतात, माझ्याकडे पाठ करून काम उरकतात आणि जातात.

मित्रांनो, गाडीची उंची वाढवण्याआधी मिस्त्रीचे ऐकावे, हे मी सांगितले नाही तरी तुम्हाला कळेल. पण त्या दुपारी बाईंना वाचवायला एक धडधाकट गाडी आणि एक तयार माणूस ओढ्याच्या काठावर तासभर उभे होते. तुमच्यावर अशी वेळ आली, तर बघणाऱ्यांकडे बघू नका. जो जमिनीवर पडला आहे, तो काय म्हणतो ते ऐका.