काचेच्या खोलीचे पडदे

मित्रांनो, खडकावर एकटा उभा असलेला तो उंच दीपस्तंभ म्हणजे मी. वय दीडशेच्या पुढे गेलं. गवंड्यांनी मला काळ्या दगडात बांधलं, डोक्यावर काचेची खोली चढवली आणि तिच्यात माणसाएवढं भिंग बसवलं. दिवा एवढासा, पण भिंगामुळे तो कितीतरी लांबच्या जहाजांना दिसतो.

या भिंगाची एक खोड आहे. रात्री ते उजेड बाहेर फेकतं आणि दिवसा ऊन आत ओढतं. भिंगाने कागद जाळायचा खेळ तुम्ही खेळला असाल, तसंच. म्हणून सकाळी दिवा मालवला की काचांवर पडदे ओढावेच लागतात.

माझा राखणदार रात्रभर दिव्यापाशी जागायचा. पडदे मात्र ओढायची त्याची बायको. कुणी तिला सांगितलं नव्हतं. ती चहा घेऊन एकशे बारा पायऱ्या चढायची, पडदे ओढायची आणि म्हणायची, "एकाला झोपवलं. आता दुसऱ्याने झोपा."

"दोघांत गुणी कोण?" तो विचारायचा.

"हा दिवाच. घोरत नाही."

एकतीस वर्षं हे असंच चाललं. मग ती आजारी पडली आणि महिन्याभरात गेली.

तिच्या आजारपणाची रजा संपवून राखणदार पुन्हा कामावर आला त्या रात्री त्याने दिवा चोख ठेवला. सकाळी मालवला आणि खाली जाऊन पडला. ऊन वर आलं. बाजूला सारलेला पडदाच धुमसू लागला. मला हाक मारता येत नाही. किनाऱ्यावर जाळं शिवणाऱ्या बाईने धूर पाहिला आणि धावत येऊन दार बडवलं.

त्याने घोंगडीने आग विझवली.

"डोळा लागला होता का हो?" तिने विचारलं.

"नाही, जागाच होतो. पडदे ती ओढेल असं वाटलं."

चार दिवसांनी दीपस्तंभ खात्याचे साहेब आले. "भिंग काढून नेतो. खांबावर छोटा दिवा लावू, त्याला माणूस लागत नाही."

"साहेब, चुकलो मी. शिक्षा भिंगाला कशाला?"

"पुन्हा विसरलात तर?"

राखणदार म्हणाला, "तिचा कप वर आणून ठेवतो. सकाळचा चहा त्याच्याशेजारी बसूनच घेईन. कप दिसला की पडदा आठवेल."

साहेबांनी करपलेल्या पडद्याकडे पाहिलं. "सहा महिने बघू," म्हणाले.

तो नोकरीभर विसरला नाही. त्या पडद्याला त्याने ठिगळ लावलं. टाके वाकडे आहेत, पण अजून टिकलेत. आता माझा दिवा विजेवर आपोआप लागतो, जहाजं अजून मला बघूनच वळतात, आणि पडदे ओढायला रोज कुणीतरी पायऱ्या चढतंच.

मित्रांनो, माझ्या भिंतींवर नावं कोरू नका, एवढं माझ्यासाठी करा. आणि घरी गेलात की बघा, न सांगता होणारं काम रोज कोण करतं. त्या माणसाबरोबर एकदा पायऱ्या चढा. तो आहे तोवरच.