बिननंबरचा चष्मा

बापूराव शेलारांना वाचता येत नाही, हे अख्ख्या पुण्यात तीनच माणसांना माहीत होतं. एक स्वतः बापूराव, दुसऱ्या त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई आणि तिसरा मुलगा शुभंकर. बाई सहा वर्षांपूर्वी गेल्या आणि गुपित बापलेकांत उरलं. शेजारी आज कोणती भाजी शिजली हेही ज्या शहरात लपत नाही, तिथे ही गोष्ट पन्नास वर्षं लपली.

बापूराव एके काळचे मराठी पडद्याचे हुकमी नायक. मंडईत टोपल्या उचलताना एका दिग्दर्शकाच्या नजरेत भरले. चेहरा आणि आवाज जन्माने मिळाला होता; शाळा मात्र कोणी दिली नव्हती. मग घरात एक रीत पडली. संवाद दुसऱ्याने वाचायचे, बापूरावांनी डोळे मिटून ऐकायचे. दोनदा ऐकलं की पाठ. लोकांना ही थोर कलावंताची तऱ्हा वाटे. नाकावर कायम साध्या काचेचा, बिननंबरचा चष्मा. सेटवर कोणी कागद पुढे केलाच तर ठरलेलं उत्तर असे, "हा लांबचा आहे हो, जवळचा घरी राहिला."

आधी सत्यशीलाबाई वाचत. त्यांना शिक्षिकेची नोकरी लागून सकाळची शाळा सुरू झाली तेव्हा काम चौदा वर्षांच्या शुभंकरवर आलं. एकदा वाचता वाचता त्याला अर्ध्या पानाचं एक भाषण फारच कंटाळवाणं वाटलं. त्याने ते गाळलं आणि आपल्या मनाने एकच वाक्य वाचलं, "पाटील, वाडा तुमचा असेल, वाट गावाची आहे." बापूरावांनी सेटवर तेच म्हटलं. थिएटरात शिट्ट्या पडल्या. आजही एखाद्या रिक्षामागे ते वाक्य रंगवलेलं दिसतं. बापूरावांना ते ऐन वेळी सुचलं, असं सगळे मानतात आणि बापूरावांनीही कधी नाही म्हटलं नाही. अण्णांना, म्हणजे वडिलांना, बदल कळलाच नसणार, अशी शुभंकरने स्वतःची समजूत घातली. पण तो लेखक झाला तो त्या शिट्ट्यांमुळे.

आता तो पंचावन्नचा होता. अकरा चित्रपट, दोन लांबलचक मालिका. तरी मुलाखतीला येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारी, "बापूराव सकाळी काय खातात?" वर्तमानपत्रात त्याच्या नावाआधी न चुकता 'बापूरावांचे चिरंजीव' येई. त्याला राग यायचा, आणि राग आल्याची लाजही वाटायची. त्याला एकच हवं होतं. आपण लिहिलेलं, आपल्या नावाने लिहिलेलं, अण्णांच्या तोंडून एकदा ऐकायचं. अण्णा ब्याऐंशीचे होते, तेव्हा हे आत्ता झालं तरच होणार होतं.

निकिता देशमाने या तरुण दिग्दर्शिकेने त्याची पटकथा घेतली आणि आजोबांच्या भूमिकेसाठी बापूरावांना विचारलं. अकरा वर्षं घरी बसलेले बापूराव कुरकुरत का होईना तयार झाले. धायरीच्या फ्लॅटमधल्या गॅलरीत शुभंकरने दहा दिवस रोज सकाळी प्रसंग वाचून दाखवला. अण्णा डोळे मिटून ऐकत आणि शेवटी एकच शेरा मारत, "लांब झालं." चाळीस वर्षांत त्यांनी लेकाच्या लिखाणावर दुसरा शब्द खर्च केला नव्हता.

निकिताची पद्धत नवी होती. चित्रीकरणाआधी सगळ्यांनी टेबलाभोवती बसून आपापल्या कागदावरून वाचायचं. अण्णांना कागदावरून वाचता येणार नव्हतं, पण सगळं पाठ होतं. आपण पान उलटलं की त्यांनीही उलटायचं, एवढी तालीम दोघांनी केली.

आणि वाचनाच्या दिवशी सकाळी शुभंकरने घोळ घातला. चहा घेताना प्रसंग पुन्हा पाहिला आणि त्याला पटलं, अण्णा बरोबर आहेत, लांबच झालंय. त्याने त्यातलं अण्णांचं अर्धं भाषण कापलं, उरलेलं नव्याने लिहिलं आणि निकिताला पाठवून दिलं. तिने छापून घेतलं. अण्णा खूश होतील एवढंच त्याच्या डोक्यात होतं. एके काळी वाचता वाचता संवाद बदलणाऱ्या या माणसाने या वेळी तो कागदावर बदलला, आणि कागद अण्णांच्या काय कामाचा, हे तो साफ विसरला.

एरंडवण्यातल्या एका हॉलमध्ये दहाबारा जण बसले होते. बापूरावांची पाळी आली. त्यांनी चष्मा सावरला, कागद धरला आणि जुनं भाषण खणखणीत सुरू केलं. चौथ्या वाक्याला सगळ्यांच्या माना कागदावरून वर आल्या.

"काका, सॉरी," निकिता म्हणाली, "हे जुनं झालं. सरांनी आज सकाळीच बदललंय. तुमच्या हातात नवीनच पान आहे, वरून तिसरी ओळ."

बापूरावांनी पानाकडे पाहिलं. मग शुभंकरकडे पाहिलं.

"अण्णांचा जवळचा चष्मा घरी राहिला," शुभंकर घाईघाईने म्हणाला.

"गप रे, शुभ्या." बापूरावांनी चष्मा काढून निकितापुढे धरला. "घाल बघू."

तिने गोंधळून घातला. "काका, याला तर नंबरच नाही."

"नाहीच. मला वाचता येत नाही, बाई. कधीच येत नव्हतं."

बापूरावांचा आवाज मंडईतल्यासारखा मोकळा होता.

"आधी बायको वाचायची, मग हा. ते वाटेचं वाक्य म्हणतात ना लोक, ते याचं. चौदा वर्षांचा होता. मी सेटवर बोललो तसा लेखक धावत आला, म्हणाला, हे कागदावर नाही. तेव्हाच मला कळलं. म्हटलं, मला आत्ता सुचलं. काय सांगू? पोरानं वाचलं म्हटलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं, तुम्ही का नाही वाचलं?" ते थांबले. "माझी अब्रू राखायला याचं वाक्य चाळीस वर्षं वापरलं मी. शुभ्या, चुकलं माझं."

चाळीस वर्षांचा राग कुठे गेला ते शुभंकरला समजेना. उरली ती फक्त या म्हाताऱ्याची दया, आणि दयेहून पुष्कळ जास्त माया. अण्णांना त्याचं श्रेय द्यायचं नव्हतं असं नाही. देता येत नव्हतं.

"बसलायस काय? वाच," बापूराव म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

शुभंकरने नवं पान वाचायला घेतलं. शेवटच्या ओळीला जुनी खोड उफाळून आली. कागदावरचं त्याला पटेना आणि त्याने मनानेच दुसरं काही म्हटलं, "घर तुझ्या नावावर केलंय रे, पण दार आतून मीच उघडणार."

बापूरावांनी एक डोळा उघडला.

"हे कागदावर आहे?"

"नाही."

"मग लिही," ते म्हणाले. "या वेळी मी बोलायच्या आधी लिही. आणि खाली तुझं नाव घाल."