संध्याकाळी सुरू होणारा दिवस

"आजी, इथे काडी ओढलीत ना, तर तुमच्या भावाला भेटायला सगळा वॉर्ड निघेल!" नर्सने ऑक्सिजनच्या नळकांड्यावर टिचकी मारली आणि काचेच्या पेल्यातली जाडजूड मेणबत्ती अलगद खिडकीत नेऊन ठेवली.

आत्या खोकत खोकत हसल्या. त्यांचा स्वतःचा उभा जन्म नर्सच्या नोकरीत गेलेला. "तुझ्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं गं. पण विचारून पाहिलं."

शेजारची शिंपीण स्टुलावर बसून सफरचंदाच्या फोडी करत होती. आत्या तिच्या रक्ताच्या नव्हत्या. त्यांचा थोरला भाऊ युद्धात बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक होता. परतीच्या वाटेवर विमानाने पेट घेतला, तरी त्याने जागा सोडली नाही. त्याने विमान सरळ धरून ठेवलं, म्हणून बाकीच्यांना पॅराशूट बांधून उड्या टाकता आल्या. शेवटची उडी शिंपिणीच्या बाबांची. युद्ध संपल्यावर ते वैमानिकाच्या बहिणीला ही हकिगत सांगायला म्हणून आले आणि शेजारची खोली घेऊन कायमचे राहिले. लग्न, मुलगी, शिलाईचं दुकान, सगळं त्या उडीनंतरचं.

आत्या ज्यू. त्यांच्या पंचांगाप्रमाणे भाऊ गेला त्या तिथीला घरात दिवा अखंड तेवत ठेवायचा, हा नेम त्यांनी एकदाही मोडला नव्हता. दिवा म्हणजे ही मेणबत्तीच, पण चांगली दिवसभर पुरणारी.

"जिवाला घोर लावून घेऊ नका, आत्या. मी लावते. उद्या पहाटे उठल्याबरोबर पहिलं काम तेच."

"उद्या?" आत्या उशीवरून उठायलाच लागल्या. "अगं, उद्या कसली? आज! आमचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. सूर्य बुडायच्या आत लावायचा असतो."

शिंपिणीच्या हातातली फोड तशीच राहिली. लहानपणापासून त्या दिवशी ती सकाळी आत्यांकडे जायची, तेव्हा दिवा जळत असायचा. पहाटे लावत असतील, असं तिने आपल्या मनानेच ठरवून टाकलं होतं. आदल्या संध्याकाळी बाबा "जरा आत्याकडे बसून येतो" म्हणून का जायचे, ते तिला आत्ता कळलं.

"पण मला तुमची प्रार्थना येत नाही हो. तुमच्या भावाला चालेल?"

"तुझ्या बाबांना तरी कुठे येत होती? नुसते बसायचे. आणि वैमानिकाला वरून दिवा दिसतो, लावणारीची जात थोडीच दिसते?" आत्यांनी तिचं मनगट धरलं. "तू बोलायचं टाळतेस, पण मी गेले की त्याला आठवणारं कोणी उरत नाही. ते एक फार लागतं मनाला."

"मी आहे ना, आत्या."

"मग पळ!"

ती मेणबत्ती पदराआड घेऊन धावत सुटली. बस हलली होती. तिने दांडा पकडलाच. कंडक्टर खेकसला, "बाई, वर जायची घाई झालीय का?" तर ती म्हणाली, "वर नाही हो, आमचा जीव वरूनच आलाय!" आणि स्वतःच हसली. घरी पोचली तेव्हा समोरच्या पाण्याच्या टाकीमागे सूर्याची एवढीशी कड उरली होती. पहिली काडी विझली. दुसरीने वात धरली.

घरातल्याच दुकानाच्या खिडकीत दिवा ठेवून तिने हात जोडले, पण शब्द सुचेनात. मग बाबांना सांगावं तसं ती हळूच बोलू लागली. "काका, तुमच्यामुळे बाबा घरी आले. चांगले म्हातारे होऊन गेले. गाताना सूर कधी लागला नाही, पण गायचे रोज. आईवर रुसायचे, जेवायच्या वेळेला बरोबर विसरायचे. मला काज करायला त्यांनी शिकवलं. नातीला खांद्यावर घेऊन फिरले. हे सगळं तुम्ही दिलंत. तुमचं स्वतःचं मात्र…"

दारात पोस्टमन उभा राहिला. "ताई, कोटाचा वायदा गुरुवारचा होता. तुमचा गुरुवार कुठल्या महिन्यात येतो म्हणे?" मग त्याला दिवा दिसला. "कोणी गेलं का?"

"माझे काका."

"अरेरे. कधी?"

"माझ्या जन्माच्या आधी."

तिने मशीनवरून कोट उचलला. अस्तराची एक शिवण राहिली होती. मशीनच्या हादऱ्याने ज्योत हलेल म्हणून ती दिव्यापाशी बसून ती शिवण हातानेच घालू लागली.

"बसा ना," ती म्हणाली.

तो बसला. थोड्या वेळाने, कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.