सांगा बरं, कुठला डोळा?

धाकट्या सुनेला घरात सगळे चमकी म्हणत. ती मेकअपचे व्हिडिओ टाकायची, हजारो लोक बघायचे, आणि सासूबाई येईल-जाईल त्याच्यापुढे फोन धरायच्या, "ही आमची धाकटी!" थोरली सून कृत्रिम डोळे बनवायची. तिच्याबद्दल कोणी विचारलं तर सासूबाई म्हणायच्या, "तीही करते काहीतरी." थोरली नुसती हसायची. आपल्याला नाही बुवा जमणार असं हसायला!

चमकीचं मात्र आतून निराळंच चाललं होतं. तिच्याबरोबर सुरुवात केलेली मैत्रीण कुठल्या कुठे पोचली होती आणि चमकीचे प्रेक्षक आटत चालले होते. सकाळी उठल्या उठल्या आधी मैत्रिणीचा आकडा, मग आपला, मग दिवसभर तोंड पाडून बसायचं. नवरा म्हणायचा, "अगं, एवढे लोक बघतात, पुरे नाहीत का?" त्याला काय कळणार! चमकीला वाटायचं, आपण संपलो.

शेवटी तिने थोरलीला गळ घातली. "ताई, तुमच्याकडच्या एखाद्या बाईंचा व्हिडिओ करू द्या ना. डोळा बसवण्याआधी आणि नंतर. एवढा एक चालला ना, की मी तरले."

"आधीचं नको," थोरली म्हणाली. "नंतरचं विचारून बघते."

एक शिक्षिका तयार झाल्या. ठरल्या दिवशी चमकी फोन सरसावून पोचली, तेव्हा त्या यायच्या होत्या आणि खिडकीशी एक आजोबा बसले होते. थोरली त्यांच्या धडधाकट डोळ्यात बघून नखाएवढ्या चकतीवर बुबुळ रंगवत होती. तपकिरीत राखाडी, कडेला किंचित पिवळा. शेजारी लाल रेशमाचे सुटे तंतू ठेवले होते. पांढऱ्या भागावर त्यांच्या शिरा व्हायच्या होत्या. एकदम तिने हात थांबवला.

"आजोबा, काल रडलात का?"

"जरासा," आजोबा ओशाळले.

"मग शिरा आज नको. डोळा रोजच्यासारखा होऊ दे, उद्या करू."

चमकी बघतच राहिली. चेहऱ्यांवर तिचं पोट होतं, पण कोणाच्या डोळ्यात इतकं तिने कधी बघितलं नव्हतं. ह्या बाईच्या हातचं आपण रोज जेवतो, आणि ही कोण आहे ते आपल्याला ठाऊकच नाही!

आजोबा गेले आणि शिक्षिका आल्या. चमकीने त्यांना उजेडात बसवून व्हिडिओ सुरू केला. "सांगा बरं, ह्यातला कुठला डोळा बनवलेला? अहो, मी रोज चेहरे रंगवते, मला लगेच कळतं!" ती जवळ गेली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. "डावा!"

शिक्षिका हसायला लागल्या त्या थांबेचनात. "उजवा! आज पहिल्यांदा कोणीतरी चुकलं हो!"

चमकीची फजिती झाली खरी, पण तिला आनंदच झाला. असा व्हिडिओ मैत्रिणीच्या सात जन्मांत झाला नसता. "ताई, हा असला धावणार ना!"

शिक्षिकांनी हसून हसून आलेलं पाणी टिपलं. "उद्यापासून नव्या शाळेत जायचंय. तिथे कोणालाच माहीत नाही," त्या म्हणाल्या आणि मग घाईघाईने, "पण टाका तुम्ही. ताईंचा शब्द मी कसा मोडू?"

थोरली ब्रश धूत होती.

चमकीने व्हिडिओ पुन्हा बघितला. फार सुंदर झाला होता. तिने तो पुसून टाकला आणि खोटं कशाला सांगा, तिला रडू आलं.

घरी जाताना ती म्हणाली, "तुमचं काम कोणाला कळणारच नाही का हो, ताई? मग चांगलं झालं हे तुम्हाला तरी कसं कळतं?"

"रस्त्यात भेटतात आणि ओळख दाखवत नाहीत," थोरली म्हणाली. "तेव्हा कळतं."

पुढच्याच आठवड्यात दोघी भाजी घेऊन येत होत्या. समोरून त्याच शिक्षिका चार सहकाऱ्यांबरोबर खिदळत आल्या. त्यांची नजर थोरलीवरून गेली, चमकीवरून गेली, आणि त्या बोलता बोलता पुढे निघून गेल्या.

थोरलीने पिशवीआडून चमकीचा हात गच्च दाबला. चमकीला भर रस्त्यात ओरडून सांगावंसं वाटलं, ही माझी जाऊ, माझी! आनंद पोटात मावत नव्हता. तिने ओठ घट्ट मिटले आणि जावेच्या हातातली जड पिशवी आपल्याकडे घेतली.