आबांनी शेकलेली गिटार

माणसानं मुद्दाम वाईट केलं तर त्याला चार शिव्या घालता येतात. मी घालतेच. दौंडाच्या रेल्वे कॉलनीत कुणालाबी इचारा, ललिताच्या तोंडाला कुणी लागत न्हाई. नळावर रांग मोडणारी असू दे न्हाईतर मापात मारणारा रॉकेलवाला, मी कुणाची भीडभाड ठेवत न्हाई. पण माणूस मायेपोटी वाटोळं करतो तवा काय करायचं? तवा माझी बोलती बंद झाली, आन् त्या गोष्टीपुरती ती अजून बंदच हाय.

आणीबाणी उठली त्या सालची गोष्ट. आमचे हे इंजनावर फायरमन व्हते. पर्किन साहेब म्हणून अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, त्याच्या हाताखाली ह्यांनी कोळसा मारला. सोलापूरच्या रनिंग रूमवर, म्हंजी गाडीवाल्यांच्या मुक्कामाच्या खोलीत, डब्बा खाऊन झाला की साहेब गिटार काढायचा आन् हे समोर उकिडवे बसून बघायचे. बघता बघता साहेबानं बोटं धरून शिकवलं. पुढं साहेब सगळं बिऱ्हाड घेऊन ऑस्ट्रेलियाला निघाला, तवा गिटार आन् तिची आवाजाची पेटी ह्यांच्या हातात दिली. म्हणाला, "पोपट, मेरा लड़का तो बजाता नहीं, तू बजा." असं म्हणून रडला म्हणे. मला तवा हसू आलं व्हतं. म्हणलं, गोरा साहेब लाकडासाठी रडतोय!

पण लाकूड व्हतं खरं देखणं. पिकल्या बोराच्या रंगाचं. साहेबानं लग्नाच्या साली बोटीवरच्या कुणाकडनं घेतलेलं. मधी भरीव, दोन्ही कडांना पोकळ, आन् पोटावर दोन वाकड्या फटी. त्या फटीला नाक लावलं की जुन्या संदुकीसारखा वास यायचा. नुसती वाजवली तर शेजारच्यालाबी ऐकू यायची न्हाई अशी बारीक. पण वायर पेटीला लावली, पेटीवरचा लाल दिवा पेटला, की क्वार्टरचे पत्रे थरथरायचे. पेटी एवढी जड की नाकापेक्षा मोती जड. ती कार्यक्रमाला न्यायची म्हंजी एसटीच्या कंडक्टरशी भांडण ठरलेलं, आन् भांडायला मी हायेच.

कार्यक्रम म्हंजी भीमगीतांचा. न्हावऱ्याचे हौसराव आमच्या गायन पार्टीचे गायक. पहिल्यांदा गिटार बघून लोक हसले. म्हणाले, हे काय, क्रिष्टावांच्या लग्नातलं? मग हौसरावांचं कडवं संपता संपता ह्यांनी एक तार अशी ओढली की म्होरं बसलेल्या बायांनी पदर डोळ्याला लावला. त्या दिवसापास्नं लोक इचारायला लागले, "ती लाल गिटार येणार हाय ना?"

फकस्त एक माणूस यायचा न्हाई. आमचे सासरे, भिमाजी आबा.

आबा जुन्या जलशातले डफवाले. बाबासाहेबांचा इचार गावोगाव गाऊन सांगायचा जलसा, त्यात तीस वर्सं आबांचा डफ. पोटासाठी दौंडाच्या लोकोशेडात बॉयलरवर घण मारायचं काम केलं, आन् त्या घणानं कान गेले. साफ गेले. कानाशी वरडलं तर चार शब्द कळायचे, बास. पण डफ त्यांना कळायचा. म्हणायचे, "डफ कानानं कुठं ऐकायचा असतो? छातीत वाजतो तो." ह्यांच्या हातात लहानपणी आबांनीच डफ दिला. आन् ह्यांनी गिटार आली तसा तो खुंटीला टांगला.

तिथंच बिनसलं. भांडण न्हाई, तंडण न्हाई. बापलेक एका ताटाला बसायचे. पण खाटेवर पडल्या पडल्या आबांना पेटीचा लाल दिवा पेटलेला दिसला, की त्यांना कळायचं पोरगा वाजवायला बसला, आन् ते भिंतीकडं तोंड करायचे. तीन वर्सं असंच. मी एकदा कानात वरडून इचारलं, "आबा, कार्यक्रमाला का येत न्हाई?" तर म्हणाले, "मला त्याचं काय ऐकू येत न्हाई. न्हाई छातीत, न्हाई कुठं. मी येऊन काय बघू?"

ह्यांना एकच पायजे व्हतं. पैका न्हाई, नाव न्हाई. आबांनी एकदा म्होरं येऊन बसावं. रात्रंदिवस तेच. मी चिडवायची, "अवं, बाप हाय का सासुरवाडीचा जावई, किती मनधरणी करता?" हे नुसतं हसायचे.

आणीबाणी उठली त्या वर्साचा दसरा. धम्मचक्राचा दिवस, शिरूरला मोठा कार्यक्रम ठरला. पण परतीचा पाऊस हात धुऊन पाठीस लागलेला. क्वार्टरच्या भिंतीला ओल, गिटारच्या तारांवर गंज. आवाज असा मेंगळट निघायला लागला की ह्यांचं चित्त थाऱ्यावर न्हाई. पुण्याच्या एका गार्डाला नव्या तारा आणायला सांगितल्या, तो दसऱ्याच्या आदल्या सांजंला देणार व्हता. बास, तारा बदलल्या की झालं. पण तोवर हे घरात येरझारा घालत, "आवाज बसलाय, आवाज बसलाय" असं जपत व्हते. आबांनी हातानंच खूण केली, काय झालं? ह्यांनी वैतागून कानात वरडून सांगितलं, "वल धरलीय! आवाज बसलाय!" आबा "हं" म्हणाले आन् गिटारीकडं बघत राहिले. त्यांनी तिच्याकडं असं बघितलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हे ड्यूटीवर. मी रॉकेलच्या रांगेत. तिथं एका बाईशी भांडून, कॅन भरून घरी आले तर मागल्या पडवीतनं वास. रंगाचा, सरसाचा, कसला तरी. जाऊन बघते तर आबा शेगडीपुढं बसलेले, आन् हातात गिटार. निखाऱ्यावर धरून हळूहळू फिरवत व्हते. डफ शेकतात तशी.

डफ शेकतातच की. चामडं पावसानं सैल पडतं, मग वाजवायच्या आधी निखाऱ्यावर धरायचं, तापून ताणलं की खणखणीत बोलतं. आमच्या लोकांत पोरासोरांनाबी म्हायती हाय. पण ती गिटार व्हती, बाई!

"आबाऽऽ!" मी कॅन टाकून धावले. आबांनी वर बघितलं. घामानं डबडबलेलं तोंड, आन् त्यावर असं हसू, जसं काय लेकाचं बारसं केलंय.

"आलीस? हे बघ," ते मोठमोठ्यानं बोलायला लागले. ते कायमच वरडून बोलायचे. "पोकळ लाकूड हाय, वल खाणारच. त्या खुळ्याला सुचलं न्हाई. मी मंद आचंवर धरलं, लई येळ धरलं, आन् मग हाताला कळलं बघ मला. टण्णदिशी! बोललं!"

ते बोललं न्हाई व्हतं. ते उकललं व्हतं.

मी हातात घेतली. पाठीवरचा रंग पापडावानी फुगलेला. मागची फळी सुटून एका कडंनं बोट जाईल एवढी फट पडलेली. दांडा वाकडा झालेला, तारा लोंबत व्हत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या शिव्या ओठावर आल्या. आन् आबा इचारत व्हते, "खूश व्हईल का गं तो?"

सांजंला हे आले. तोंड काळं, हातात नव्या तारांची पुडी. मी दारात आडवी झाले, पण सांगायच्या आधीच आबांनी त्यांना बघितलं. आबा उठून उभे राहिले आन् दोन्ही हातांनी गिटार म्होरं धरली. तीन वर्सांत पहिल्यांदा लेकाच्या देखत त्यांनी तिला हात लावला व्हता.

ह्यांनी ती घेतली. उलटी केली. सुलटी केली. फटीत बोट घातलं. त्यांच्या तोंडावरचा कोळसा तेवढा दिसत व्हता, बाकी काय उरलंच न्हाई.

"कसं हाय?" आबा वरडले.

 मला वाटलं आता फुटतो हा माणूस. पण ह्यांनी आबांच्या कानाला तोंड लावलं आन् वरडले, "झकास, आबा! लई झकास!"

"मंग!" आबांनी मांडीवर थाप मारली. "उद्याच्याला मी येतो शिरूरला. सूनबाई, माझं पांढरं धोतर काढ."

रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघराचं दार लोटून ह्यांनी वायर पेटीला लावून बघितली. पेटी अशी किंचाळली की शेजारची म्हाळसा इचारायला आली, मांजर चेंगरलं का म्हणून. ह्यांनी वायर काढली.

"खरं सांगून टाका," मी म्हणलं.

"तीन वर्सांनी येतो म्हणतोय बाप."

"मंग डफ घ्या हातात."

"आन् गिटार का न्हाई म्हणून इचारलं, तर?" ह्यांनी फटीवरनं बोट फिरवलं. "त्यानं शेकली, ललिता. माझ्यासाठी शेकली. आता त्याला काय सांगू, तुझ्या हातानं मेली म्हणू?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो ह्यो. मी एवढी भांडकुदळ बाई, पण त्या रात्री भांडायला माणूसच घावला न्हाई मला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं शिरूरला गेलो. ह्यांनी नव्या तारा चढवल्या व्हत्या, पण ताणल्या की दांडा म्होरं झुकायचा, म्हणून सैलच ठेवल्या. हौसरावांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली आन् म्हणाले, "असू दे पोपट. ढोलकी जोरात लावतो. तू नुसता उभा राहा." लोकांना दिसावी म्हणून पेटीबी ह्यांनी शेजारी ठेवली.

वंदना झाली. गाणी सुरू झाली. आबा पहिल्या रांगेत, पांढरंशुभ्र धोतर, गुडघ्यावर हात. ढोलकीचा ठोका पडला की त्यांचं बोट हलायचं. आन् आमचे हे डोळे मिटून वाजवत व्हते. नुसते उभे न्हाई राहिले, खरंच वाजवत व्हते! सगळी बोटं जागच्या जागी, घाम गळत व्हता, आन् आवाज म्हणाल तर शून्य. हौसरावांचं कडवं संपत आलं, तार ओढायची जागा आली. ह्यांनी ओढली. मंडपात काय वाजलं न्हाई, आन् माझ्या कानात सगळं वाजलं. मी पदर तोंडात कोंबला.

कॉलनीतनं आमच्यासंगं आलेली म्हाळसा शेजारी बसली व्हती, ती म्हणाली, "आगं, आज गिटार ऐकू येत न्हाई व्हय?"

"कान धुऊन ये जा!" मी खेकसले.

कार्यक्रम संपल्यावर आबा उठले, मंडपातनं सरळ ह्यांच्याकडं गेले आन् पाठीवर हात ठेवला. "वाजवलंस रं," एवढंच म्हणाले. ह्यांचं तोंड असं उजळलं की मला वाटलं, जळलं ते लाकूड, जळू दे. गंगेत घोडं न्हालं.

परतीच्या एसटीत हे मागं पेटी धरून बसले, आन् आबा माझ्या शेजारी. न्हावरं मागं पडलं. दोन्ही अंगाला ऊस. आबा खिडकीबाहेर बघत व्हते. आन् मग बोलले, हळू आवाजात. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

"सूनबाई, पेटीचा लाल दिवा पेटला नव्हता."

 मी मान हलवली. न्हाई, व्हय, काय हलवली मलाच कळलं न्हाई.

"मला कान न्हाईत. पण तीन वर्सं मी तोच दिवा बघतोय." त्यांनी दोन्ही तळवे उघडे करून बघितले. "जाळलं मी त्याचं."

"आबा, तसं न्हाई..." मी कानात वरडायला गेले, तर त्यांनी हातानं थांबवलं. मागं लेक बसलेला व्हता ना.

"त्याला म्हणू नगंस मला कळलं म्हणून. लई जिवापाड वाजवलं त्यानं."

घरी आल्यावर ह्यांनी मला चुलीपाशी गाठलं. डोळे लहान पोरासारखे. "आबांना काय कळलं न्हाई ना गं?"

"न्हाई," मी म्हणलं. "काय बी कळलं न्हाई."

त्या साली थंडी लवकर पडली. सांजंला हे शेगडी पेटवायचे आन् आबांना बाजूला जागा करायचे. हातानं खूण करायचे, या आबा, शेकायला. आबा खाटेवरनंच मान हलवायचे. "मला थंडी वाजत न्हाई," म्हणायचे. पांघरुणात त्यांचे दात वाजत असायचे. हे माझ्याकडं बघायचे, म्हाताऱ्याला काय झालंय गं? मी खाली मान घालून भाकरी थापत राहायची.