माझा हुकलेला बहार

या अश्विनचं मला काहीच पटत नाही. विचारायचं ते विचारणार नाही आणि कोणी मागितलं नाही ते बादलीभर आणून देणार. मागच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यानं माझ्या बुडाशी पाणी ओतलं. हात दुखेपर्यंत ओतलं. माझा अख्खा बहार घालवला या माणसानं, आणि वरून माझ्याच खोडाला टेकून देवाजवळ रडला.

मित्रांनो, मी संत्र्याचं जुनं झाड आहे. शेंदूरजनाघाटच्या बाहेर वच्छलाबाईच्या मळ्यात, घराला लागून उभी आहे. झाड म्हणा, पण मी बाईच. एवढं लेकुरवाळं अंग दुसऱ्या कोणाचं असतं? शाळा मी पाहिली नाही. रविवारी मंडळीची, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात येणाऱ्यांची, लेकरं संडे स्कूलला माझ्या सावलीत बसतात, त्यांचं ऐकून शेंड्यात जेवढं शिरलं तेवढंच माझं शिक्षण.

माझी मुळं माझी नाहीत. ती जंभेरीची, म्हणजे एका आंबटढाण लिंबाची. वच्छलाबाई नवी नवरी होती तेव्हा तिच्या सासऱ्यांनी जंभेरीच्या रोपाला चीर दिली, एका नामी संत्र्याचा डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला बारीकसा कोंब, त्या चिरेत बसवला आणि पट्टी बांधली. बांधताना म्हणाले, "प्रभू, मूळ आंबट आहे, फळ तू गोड कर." तो डोळा म्हणजे मी.

मग माझे कामाचे दिवस आले. बाजारात लोक माझं फळ आधी नाकाशी धरत, मग भाव विचारत. पहिली टोपली मात्र बाजारात जात नसे. ती उपकारस्तुतीच्या रविवारी प्रार्थनाघरात जाई. पीक निघालं की देवाचे आभार मानायचा तो सण. ज्याच्या घरी जे पिकलं ते तो आणतो, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. माझ्या संत्र्यांवर बोली चढायची. गर्व होता मला. अजूनही आहे.

अश्विन हा वच्छलाबाईचा मुलगा. लहानपणापासून अमरावतीच्या बोर्डिंगात राहिला, पुढे तिथंच एका शोरूममध्ये लागला. मळ्याशी त्याचा संबंध संत्री खाण्यापुरता. गेल्या वर्षी शोरूम बंद पडली आणि तो बायकोला, शालूला, घेऊन घरी आला. घरात चणचण आली. शालूनं ब्लाऊज शिवायला घेतले. अश्विननं प्रार्थनाघरात जाणंच सोडलं.

"काहून येत नाही तुमी?" शालूनं एकदा माझ्याखाली विचारलं.

"दानाची पिशवी फिरते ना. सगळे हात घालतात. मी काय घालू, हवा?"

"देव पिशवीत वाकून पाहते का?"

"लोकं पाहतात."

"मंग लोकायसाठी जात होते तुमी आतापर्यंत."

तो उठून गेला. बोलली ते खरं, पण जरा जास्तच बोलली. माझ्यासारखीच आहे.

हिवाळ्यात आम्हाला ताण देतात. म्हणजे मुद्दाम पाणी तोडतात. पानं मलूल होतात, वाढ थांबते, आणि आतल्या आत कळीची तयारी चालते. मग पाणी सोडलं की फुलंच फुलं; आधीच सोडलं तर नुसता पाला. अश्विनला हे कुठलं ठाऊक? त्याला माझी सुकलेली पानं दिसली आणि बादली उचलली. सकाळी वच्छलाबाई आली, माझ्या बुडाशी चिखल.

"पाणी कोनं देल्लं?"

"मी. मरून राह्यलं होतं ते. तुमी त्याले इसरले, आई."

"इसरली? अन् रोज सकाळी उठून याचं पान चुरगाळून कोन पाहते मंग, तुही सासू? जास्त सुकलं तर त्याच दिवशी पाणी देतो मी. ताणावरच्या झाडाकडं जास्त ध्यान द्या लागते बावा, पाणी देल्लेल्याकडं नाही."

वच्छलाबाई घरात गेल्यावर अश्विननं माझं एक पान हातात धरलं, बराच वेळ. मग हळूच म्हणाला, "देवा, मलेबी रोज पाहून राह्यला का तू?"

उत्तर मला ऐकू आलं नाही. पण त्याच सकाळी तो नाताळच्या उपासनेला गेला, मागच्या बाकावर बसला आणि दानाची पिशवी यायच्या आत निघून आला. तेवढं तर तेवढं.

फेब्रुवारीत सगळा मळा पांढरा झाला. काल लावलेल्या पोरी फुलल्या आणि मी नुसती हिरवीगार. व्यापारी आला, बाकीच्या झाडांचा बहार उभाच विकत घेतला आणि मला पाहून म्हणाला, "हे ठेवलं कायले?" त्याच्या डोक्यावर टाकायला एक फळसुद्धा नव्हतं माझ्याजवळ. आणि अश्विनला एकच घोर लागला. यंदा पहिली टोपली नाही, मग उपकारस्तुतीला रिकाम्या हातानं कसं जायचं?

पावसाळ्यात वच्छलाबाईनं माझी फांदी वाकवून पाहिली.

"अश्विन, काड्या पाह्य कशा आल्या. फळाचा जोर सारा लाकडात गेला. डोळे बांध हिचे."

मळ्याच्या कडेला जंभेरीची रोपं होतीच. वच्छलाबाईचे गुडघे बसू देत नव्हते, म्हणून ती खाटेवरून सांगे आणि तो मातीत बसून बांधे. पहिला डोळा त्यानं उलटाच बसवला.

"हे रोप का खाली डोकं वर पाय वाढन?" वच्छलाबाई म्हणाली. शालू एवढी हसली की सुईत दोरा ओवता येईना.

पण हात बसला त्याचा. रोज सकाळी उठून तो प्रत्येक पट्टी पाही, रोपाशी बोले, मध्येच देवाशी बोले. कोणाशी काय बोलतो ते कळायचं नाही. एके दिवशी डोळ्यांतून हिरवे कोंब निघाले आणि हा माणूस वाफ्यात उभा राहून गाणं म्हणायला लागला. आवाज भसाडा. तरी पाखरं उडाली नाहीत.

उपकारस्तुतीच्या रविवारी त्यानं दोन रोपं वाफ्यात ठेवली, बाकी कोवळ्या रोपांच्या पिशव्या सायकलला लावल्या आणि शालूसोबत गेला. मी कुठं जाणार? वाट पाहिली. दुपारी दोघं वच्छलाबाईच्या खाटेशी आली. शालूचं तोंड थांबत नव्हतं.

"मंडळीतल्या शेषरावकाकानं बोली वाढोली, आई. त्यायले वावर नाही, अंगण नाही. म्हणे डब्यात लावतो. आता साऱ्यायले रोपं पाहिजेत, पुढच्या सालचं आतापासूनच सांगून गेले. अन् दानाची पिशवी आली तवा हे जागचे हलले नाही."

"हात घातला मी," अश्विन म्हणाला. "काही नव्हतं हातात. पिशवीले शिवलो, अन् आमेन म्हटलं."

माझ्या लेकी गावभर गेल्या, मित्रांनो. टोपल्या पुष्कळ गेल्या होत्या. त्या खाऊन संपल्या. या वाढतील.

अश्विन माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मी पानं हलवून मोठ्यानं सांगितलं, ऐकू गेलं असेल नसेल त्याचं त्यानं पाहावं:

"अश्विन, माळी म्हणून तू अजून कच्चा आहे. माह्या बहाराचं मी तुले माफ केलं, पण इसरणार नाही. पाणी दे का नको देऊ, रोज येऊन पाहत जा, मले अन् त्या लहान्यायले. माणूस तू कामाचा निघाला. आता जाय, मायचे गुडघे शेकून दे."