मंगळवारी उघडलेली फाइल

…स्क्रीनवर फोल्डरचा तो पिवळा चौकोन फिकट होता, धुऊन धुऊन विटलेल्या हळदीच्या डागासारखा — पण दिसत होता. आणि दिसायला नको होता. धम्मशीलानं तो फोल्डर स्वतः लपवला होता, सी ड्राइव्हच्या पोटात, जिथं हात लावला तर कॉम्प्युटरच बसतो असं सगळं बोरी गाव मानतं. तिनं वर 'व्ह्यू' उघडून पाहिलं. 'हिडन आयटम्स'समोर बरोबरची खूण. ही आपण केलेली नाही… घरात माणसं दोनच. एक ती, गावाचे अर्ज टाइप करून देणारी. दुसरे किशनराव, तिचा नवरा, वर्षापूर्वी उजवं अंग लुळं पडलेलं. डॉक्टर म्हणाले, डावा हात चालता ठेवा. म्हणून तिनंच त्यांना माऊस शिकवला, हौसेनं — हे असं दाबा, हे असं उघडा.

फोल्डरात एकच फाइल. रोज चार ओळी, फक्त हा आठवडाभर ती तिकडं फिरकली नव्हती. माणसाला सांगता येईना, म्हणून कॉम्प्युटरला सांगितलेलं. शेवटची उघडल्याची तारीख मंगळवारची, वेळ दुपारची. दुपारी तर ती जिंतूरला होती, त्यांना कॉम्प्युटरपुढं बसवून त्यांच्या गोळ्या आणायला गेलेली…

मंगळवार. ती परतली तेव्हा किशनराव आपल्या हातानं जेवत बसलेले, निम्मा भात मांडीवर. "आजपासनं माजं मी खातो." जीभ जड, तरी शब्द नीट लावून म्हटलेलं. तिला केवढं भरून आलं होतं. शेजारच्या मनिषाला भिंतीवरून हाक मारून सांगितलं, तर ती म्हणाली, "वैनी, बघा तुमी, पुढल्या महिन्यात भाऊजी तुमाला सायकलवर बशिवतेत." दोघी लय हसल्या होत्या. बुधवारी मोरीपर्यंत भिंत धरून एकटेच गेले. गुरुवारी पाठ चोळू दिली नाही. सुधारायलेत, सुधारायलेत म्हणत मी गल्लीभर मिरवले… ते माझ्या हातातून स्वतःला काढून घेत होते.

तिनं फाइल उघडली, त्यांच्या डोळ्यांनी वाचायला. 'सकाळी उठवायला गेले. श्वास चालू होता. वाईट वाटलं.' एवढंच का लिहिलं? त्याच सकाळी एकेक बोट मांडीवर घेऊन त्यांची नखं काढली होती, ते कुठंय? ते लिहायचं असतं हे कुणी सांगितलं होतं…

खूण काढावी, तर त्यांना कळेल की हिला कळलं. ठेवावी, तर दोघांनी रोज तो विटका चौकोन बघायचा. फाइल पुसावी… पण अंग गेलं तरी डोकं शाबूत आहे त्यांचं. त्याच्यासाठी तर एवढे दिवस देवाचे आभार मानत आले. तिनं खाली आजची तारीख टाकली. 'अहो' लिहिलं. पुढं काही येईना. खोटं ते ओळखतील, आणि खरं तर वर लिहून झालेलं…

आतल्या खोलीत पेला पडला, फरशीवर घरंगळत गेला. ती अर्धी उठली.

"ऱ्हाऊ दे. मी घेतो."

ती तशीच, ना बसलेली ना उभी. वर्षभर दाराशी थांबून त्यांचा श्वास ऐकायची सवय कानांना. आताही तिनं कान दिला. काही नाही. पेलाही थांबलेला. तिकडं तेही कान देऊन बसले असतील, इकडं कीबोर्डवर तिची बोटं कधी हलतात ते ऐकत…